प्राडाने कोल्हापुरीचं ‘पेटंट’ चोरलं? मुळात पेटंट होतं कुठे?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या फॅशन कंपनीचे मॉडेल अंगठ्याच्या चपला घालून चालले आणि दोन दिवसांत एक संदेश गटागटांतून फिरू लागला. त्याचा आशय असा: ‘कोल्हापुरी चपलेचं पेटंट महाराष्ट्राकडे आहे. प्राडाने ते चोरलं आणि चप्पल सव्वा लाखाला विकायला काढली. कायद्याने त्यांना आपल्या कारागिरांना कोट्यवधींची भरपाई द्यावीच लागेल.’ पुढाऱ्यांनी त्यावर अस्मितेची फोडणी दिली. तो संदेश आजही अधूनमधून उगवतो.

राग खोटा नव्हता. प्राडाने त्या चपलांना नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं होतं. कोल्हापूरचं तर सोडाच, भारताचंही नाव घेतलं नव्हतं. पण राग खरा असला म्हणून संदेशातलं कायद्याचं ज्ञान खरं ठरत नाही.

‘कोल्हापुरीचं पेटंट आहे’

नाही. पेटंट नव्या शोधाला मिळतं आणि वीस वर्षांनी संपतं. शेकडो वर्षं वापरात असलेल्या चपलेला ते मिळणारच नाही. डिझाइनच्या नोंदणीचंही तेच. २०००च्या डिझाइन कायद्यात डिझाइन नवं असावं लागतं आणि संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षांचं. म्हणजे पारंपरिक कोल्हापुरीचा आकार ना आपण स्वतःच्या नावावर करू शकतो, ना प्राडा. संदेश लिहिणाऱ्यांच्या हे दुसरं टोक लक्षातच आलेलं दिसत नाही.

आपल्याकडे आहे ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. कायदा १९९९चा, लागू झाला सप्टेंबर २००३ पासून. कोल्हापुरी चपलेची नोंदणी २०१९ मध्ये जाहीर झाली. दर दहा वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं.

‘ते महाराष्ट्राकडे आहे’

अर्धंच. नोंदणी संयुक्त आहे: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ (लिडकर). जिल्हे आठ. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तिकडच्या अथणी आणि निपाणीच्या घराघरांत चपलेच्या वेण्या विणल्या जातात. कर्नाटकाचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी त्या वेळी हेच सुनावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. सीमावादाचा चष्मा लावून चपलेकडे पाहिलं की निम्मे कारागीर दिसेनासे होतात.

‘प्राडाने जीआय कायदा मोडला’

खरी मेख इथे आहे. जीआय वस्तूच्या आकाराचं रक्षण करत नाही. वस्तू कुठली आहे हे सांगणाऱ्या नावाचं किंवा खुणेचं करतं. कलम २२ प्रमाणे उल्लंघन केव्हा? जेव्हा कुणी नावातून किंवा मांडणीतून, माल त्या प्रदेशातला नसताना तो तिथलाच असल्याचा गिऱ्हाइकाचा समज करून देतो. ‘खूण’ या शब्दात चित्रही येतं, त्यामुळे एखादा वकील आकारावरून वाद घालू शकेल. पण ‘लेदर सँडल’ एवढंच म्हणणाऱ्यावर तो टिकवणं अवघड. गंमत बघा: नाव गाळलं म्हणून आपण भडकलो, आणि नाव गाळलं म्हणूनच प्राडा सुटली. इटलीत बनवलेल्या जोडावर ‘कोल्हापुरी’ छापून तो भारतात विकला असता, तर मात्र फसली असती.

शिवाय नोंदणी भारतापुरती आहे. मिलानमध्ये ती चालत नाही. तिथे तिथल्या कायद्याने वेगळं संरक्षण मिळवावं लागतं.

‘भरपाई द्यावीच लागेल’

मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका केली. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचा सवाल साधा होता: तुमचा हक्क काय? जीआयचा मालक नोंदणीकृत आहे, दावा करायचा तर त्याने करावा. मालक किंवा अधिकृत वापरकर्ता (म्हणजे त्या जीआयखाली नोंद झालेला कारागीर) सोडून तिसऱ्या कुणाच्या हाती हे हत्यार नाही. पुढाऱ्यांच्या तर नाहीच.

‘सव्वा लाखाला विकायला काढली’

आकडा बातम्यांत होता, पण चप्पल तेव्हा दुकानात आलेलीच नव्हती. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला उत्तर देताना प्राडाने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं आणि विक्रीचं अजून ठरलेलं नाही असं कळवलं. जुलैत त्यांचे लोक कोल्हापुरात येऊन गेले. डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकरशी करार झाला: महाराष्ट्र-कर्नाटकात २,००० जोड बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो. म्हणजे ओरडण्याचा उपयोग झालाच नाही असं म्हणता येणार नाही. मात्र फळ आलं ते मालक महामंडळं वाटाघाटीला बसली तेव्हा.

आता ज्याच्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही ते

‘कोल्हापुरी’ हे नाव रोज चोरलं जातं, आणि ते मिलानमध्ये नाही. मुंबई-पुण्याच्या फूटपाथवर, ऑनलाइन दुकानांत रेक्झिनच्या पट्ट्याची, फोमच्या तळाची चप्पल बिनधास्त ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते. कलम २२ अगदी फिट बसतं ते इथे. खोटं जीआय लावून माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद कायद्यात आहे. पण चारशे रुपयांच्या बनावट जोडावर कोण बॅनर लावणार?

अस्सल जोड ओळखायचा कसा? आधी तो बनतो कसा ते पाहा. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात. मग ते पखालीसारखं शिवून, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगतात. पाणी झिरपत राहतं आणि कातडं कमावलं जातं. तळाला जाड म्हशीचं, वेणीला पातळ शेळीचं. रापीने कापायचं, आरीने भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा नाही. वेणी आणि नक्षी बहुतेक बायकांच्या हातची. पाटीवर नाव मात्र क्वचितच त्यांचं.

म्हणून दुकानात जोड उलटा करा. तळाच्या कडेला चामड्याचे थर दिसले पाहिजेत. फोम किंवा पुठ्ठा दिसला तर ठेवून द्या. पट्ट्याची कापलेली कड आरपार तपकिरी हवी. मधोमध निळसर-करडी रेघ असेल तर कातडं सालीऐवजी क्रोम या रसायनाने कमावलेलं, आणि कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. तळ दोऱ्याने शिवलाय की वादीने, तेही बघा. पाण्याचा थेंब टाकून पाहिला तर अस्सल कातडं तो पिऊन काळवंडतं, रेक्झिनवरून तो ओघळतो. (दुकानदाराला विचारून टाका!) याच गुणामुळे अस्सल पायताण पावसाळ्यात घालायचं नसतं: तळ फुगतो, वादी सैल होते, थर सुटतात. भिजलंच तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ ते तडकतं.

कारागिराच्या बाजूचंही एक काम आहे. कोल्हापुरीचं मानांकन महामंडळांच्या नावावर आहे. ते कायद्याने वापरायचं तर कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ती फी २०२० मध्ये पाचशेवरून दहा रुपयांवर आली. अडतं ते अर्ज भरण्यात आणि तो चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात पोचवण्यात. प्राडाच्या नावाने पत्रकं काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी एका शनिवारी कापशीत किंवा अथणीत टेबल मांडून हे अर्ज भरून दिले, तर बनावट मालाविरुद्ध दावा करू शकणारी माणसं तरी वाढतील. जोड अस्सल आहे का ते तपासता यावं म्हणून लिडकॉमने क्यूआर कोडही आणला आहे. पुढच्या खेपेला ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी दिसली की दुकानदाराकडे तो मागून बघा.