आधी काच, मग बल्ब

हेडलाइटला टूथपेस्ट चोळून "बघा, नव्यासारखा झाला" असे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्या सगळ्या मित्रमंडळींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. टूथपेस्टने दिवा चमकतो हे मी नाकारत नाही. तिच्यात बारीक खर असते, त्याने वरचा पिवळा थर थोडा घासला जातो. पण पुण्यातलं उन्हाळ्याचं ऊन काही आठवडे लागलं की दिवा परत होता तसा. डास मारायचा स्प्रे मारणारेही भेटतात. त्यांना हात जोडून विनंती आहे की नका मारू. त्याने प्लास्टिकचा वरचा थर विरघळल्यासारखा होतो, म्हणून तात्पुरतं चकचकीत दिसतं, आणि नंतर बारीक तडे जातात.

जुन्या पद्मिनीच्या आणि अॅम्बॅसेडरच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागला तर फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं. ते हलकं आहे, सहजी फुटत नाही, हवा तो आकार देता येतो. फक्त ते मऊ आहे आणि उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही, म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ कडक कोट चढवलेला असतो. आठ-दहा वर्षांत तो कोट झिजतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडून पिवळं होतं. आमची २०११ ची वॅगनआर सोसायटीत कायम पश्चिमेला तोंड करून उभी असते. तिच्या दिव्यांचा वरचा भाग खालच्यापेक्षा कितीतरी जास्त गढूळ झाला होता, कारण ऊन वरून पडतं. तुमच्याही गाडीचं बघा, बहुधा तसंच असेल.

हा सगळा फक्त दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ मध्ये अकरा वर्षं वापरलेले दिवे तपासले होते. गढूळ दिव्यांतून नव्याच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा उजेड बाहेर पडत होता. नीट घासून कोट केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. आणि जो उजेड रस्त्यावर पडत नाही तो कुठे जातो? गढूळ प्लास्टिकमध्ये विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे आपल्याला खड्डा दिसत नाही आणि समोरच्याला आपण सोडून काही दिसत नाही.

आता इथे आपली माणसं काय करतात? "उजेड कमी झालाय रे, एलईडी टाक!" हा सल्ला मला निदान डझनभर लोकांनी दिला आहे, त्यात एक सख्खा मेहुणा. अरे बाबा, धुक्यात अप्पर मारल्यावर काय होतं? समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ दिव्यात जास्त प्रखर बल्ब म्हणजे तेच, फक्त धुकं दिव्याच्या आत.

शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्याचं गणित वेगळं असतं. एच-४, म्हणजे अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असलेला हॅलोजन. त्याची तार नेमकी कुठे असेल हे धरून आतला रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा चंदेरी आरसा) घडवलेला असतो, आणि डिपरच्या (जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडाच्या) तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी सपाट पट्टीवरच्या चिप असतात. त्या मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी डिपरच्या उजेडाची वरची रेघ विस्कटते. कशेडीत किंवा आंबा घाटात पावसाळ्यात समोरून अशी गाडी आली की वळण कुठे आहे तेच कळत नाही. १००/९० वॅटचे (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) बल्ब विकणारे तर अजून आहेत. एच-४ चा ठरलेला आकडा ६०/५५ वॅट आहे. त्यावर गेलात की होल्डर वितळतो, वायर तापते आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थर करपून तपकिरी होतो.

बल्ब बदलायचाच असेल तर त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्या आणि व्होल्टेज मोजा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, आणि अर्थिंगचा स्क्रूही गंजलेला असतो. करंट थेट बॅटरीतून घेणारी, रिले असलेली तयार वायरिंग मिळते. चांगला इलेक्ट्रिशियन गाडीची मूळ वायर न कापता ती बसवून देतो.

दिवा घासण्याआधी एक साधी गोष्ट करा. त्यावर पाणी ओता. ओला असताना तो स्वच्छ दिसला, तर दोष वरच्या थरात आहे आणि घासून फरक पडेल. पाण्यानेही गढूळच राहिला, तर दोष आत आहे किंवा प्लास्टिकमध्येच खोल तडे आहेत. मग घासण्यावर पैसे घालवू नका. बल्ब काढून आत टॉर्च मारा. रिफ्लेक्टर काळवंडलेला असेल तर बाहेरून कितीही पॉलिश करा, काही होणार नाही.

घासायचं म्हणजे वॉटर पेपरने, पाणी मारत मारत, आधी ८०० नंबरचा, मग १५००, २०००, ३००० (नंबर मोठा तितका पेपर बारीक). बाजूच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा, नाहीतर बॉनेटचा रंग जाईल. पहिल्या पेपरनंतर दिवा ताकासारखा पांढरा होतो आणि मालकाचा चेहराही. घाबरू नका, तो तसाच व्हायला हवा. शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. पॉलिशचं मशीन एकाच जागी धरून ठेवलं तर प्लास्टिक तापून वितळतं, तेवढं कारागिराला सांगा.

आणि इथेच खरी गोम आहे. रस्त्याकडेला पाच-सातशे रुपयांत काम करणाऱ्या बहुतेकांचं काम कंपाउंडवर संपतं. मी एकाला विचारलं, "वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारणार ना?"
"त्याची काय गरज, साहेब? बघा की, आरशासारखा झालाय."

झालाय खरा. पण कारखान्याचा उरलासुरला कोटही आता घासून काढलाय, म्हणजे प्लास्टिक पूर्ण उघडं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो दिवा आधीपेक्षा वाईट दिसतो आणि गिऱ्हाईक परत येतं. यूव्ही (अतिनील किरण) रोखणारा टू-के, म्हणजे दोन भागांचा क्लिअर कोट, हार्डनर मिसळून, दोन पातळ हात, धूळ नसलेल्या जागी. हे करणार नसाल तर घासूच नका. गॅरेजवाले सहसा टाळतात, पण डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे तो कोट असतोच, त्यांनाच गाठा. मारताना त्यांना मास्क लावायला सांगा, तो फवारा छातीत जाणं चांगलं नाही.

नवा दिवा घ्यायची वेळ आलीच, तर माझं मत थोडं उलटं आहे. पुण्यात नाना पेठेत मिळणाऱ्या स्वस्त डुप्लिकेट जोडीपेक्षा, रिफ्लेक्टर चांगला असलेला जुना ओरिजनल मी कधीही घेईन. डुप्लिकेट पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, पण बऱ्याचदा उजेडाची रेघ सरळ नसते आणि प्लास्टिकही लवकर पिवळं पडतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्यांत कधी उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांतले दिवे असतात. आपल्याकडे डिपरचा उजेड डावीकडे किंचित वर चढतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. त्या दिव्यांत तो उजवीकडे चढतो, थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

बसवल्यावर सेटिंग करा. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करायची. दर १० मीटरला उजेडाची रेघ साधारण १० सेंटिमीटर खाली उतरायला हवी. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर तेही वापरा. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरचा अप्पर होतो.

हे लिहायचं आणखी एक कारण. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारची आरसी पुढे न्यायची फी ६०० वरून ५,००० झाली, तरी लोक जुन्या गाड्या ठेवतायत, आणि ठेवाव्यातही. पण सीट कव्हर, अॅलॉय आणि टचस्क्रीनवर वीस-पंचवीस हजार घालणारा माणूस दिव्याच्या क्लिअर कोटसाठी घासाघीस करतो, तेव्हा मला राग येतो.

नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरीकडे हे काम नीट कोट मारून करणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. फोटोही टाका. फक्त काम झाल्या दिवशीचा नको, पुढचा पावसाळा संपल्यावरचा टाका.