पँटचा नंबर सांगू नका, टेप आणा

कोकणात लठ्ठपणा बहुतेकदा पोटात लपलेला असतो. हातपाय काटकुळे, वजन सत्तरच्या आत, फक्त शर्टाची मधली दोन बटणं ताणलेली. अशा माणसाला कोणी जाडा म्हणत नाही, म्हणून त्याची तपासणीही होत नाही. खरा घोळ इथेच आहे.

पोटाचा घेर मोजायला पँटचा नंबर फसवतो, कारण पँट पोटाखाली उतरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, जमिनीला समांतर, सहज श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही! पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरपुढे धोका.

आतड्यांभोवतीची ही चरबी थेट यकृताला जाऊन भिडते. मग यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, उपाशीपोटीही साखर रक्तात सोडत राहतं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्यांनाही फॅटी लिव्हर होतं, आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून सुटका नसते. सोनोग्राफीत ते दिसलं की 'हल्ली सगळ्यांनाच असतं' म्हणत फाईल कपाटात जाते. त्याऐवजी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करा. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेह उंबऱ्यावर आलाय.

मानेमागचा काळा, मखमली पट्टा लिंबू लावून घासतात. तो मळ नव्हे, बऱ्याचदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. पावसाळ्यात पोटाच्या वळीखाली, जांघेत ओल राहते आणि गजकर्ण धरतं. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, बुरशी मात्र पसरते. पुन्हापुन्हा होत असेल तर साखर तपासा.

घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरता घोरता श्वास थांबतो का आणि मग धाप लागल्यासारखा परत येतो का, हे घरच्यांना विचारा. तसं असेल तर गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येणं कठीण जातं. रात्रीची दारू त्यात भरच घालते.

आहारात सगळे नारळावर घसरतात. सकाळी घावणे, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, याबद्दल अवाक्षर नाही. बांगड्याचं तिखलं खा की, भाताचा ढीग निम्मा करा. ८० किलोच्या माणसाचे सहा ते आठ किलो उतरले तरी यकृतात फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो पुरे, झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि चक्कर.