पोट भरलेला उमेदवार

निवडणूक आली की आमच्या सांगलीकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला. काका म्हणतात, साखर कारखान्याच्या चेअरमनलाच निवडून द्या, त्याचं पोट भरलेलं आहे, तो कशाला खाईल? धाकटी मंडळी विचारतात, कारखाना त्याचा, बँक त्याची, कॉलेज त्याचं, मग आमदारकी तरी दुसऱ्याला द्याल की नाही?

मी राहतो त्या अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात पोट भरलेल्या उमेदवाराचा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. विल्यम स्प्रेग, जन्म १८३०. सुती गिरण्या आणि कापडछपाईचा अवाढव्य व्यवसाय वारशाने मिळालेला. १८६० साली, विशी संपायच्या आत, तो निवडून येऊन गव्हर्नर, म्हणजे राज्याचा प्रमुख झाला. त्या निवडणुकीत पैसा पाण्यासारखा वाहिला, असं तेव्हाही उघड बोललं जाई. काकांचं खरंच ठरलं म्हणायचं: हा लाच खाणारा नव्हता, वाटणारा होता. बरं, माणूस भित्राही नव्हता. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १८६१च्या बुल रनच्या लढाईत गव्हर्नर असूनही तो आघाडीवर गेला आणि त्याच्याखालचा घोडा मारला गेला.

पण त्याच्या गिरण्यांतल्या आयरिश कामगारांचं काय? परदेशात जन्मलेल्याला नागरिकत्व मिळालं तरी स्वतःची जमीन-घर असल्याशिवाय या राज्यात १८८८पर्यंत मत देता येत नसे. राहायला मालकाची घरं, मग मत कुठलं? विल्यमच्या वडिलांचा १८४३मध्ये खून झाला. त्यांनी गॉर्डन नावाच्या आयरिश दुकानदाराच्या दारू परवान्याला विरोध केला होता. संशय त्याच्या घरावर गेला आणि त्याचा भाऊ जॉन १८४५मध्ये तकलादू पुराव्यावर फासावर गेला. सात वर्षांनी राज्याने फाशीची शिक्षाच रद्द केली. जॉनला माफी मिळायला मात्र २०११ उजाडलं. खून झाला तेव्हा विल्यमचे काका सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. धंदा सांभाळायला त्यांनी सिनेट सोडली. घराण्याला जास्त मोलाचं काय होतं, ते यातून दिसतं.

पुतण्याने, म्हणजे विल्यमने, धंदा आणि सत्ता दोन्ही धरून ठेवलं. यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला. त्याच टंचाईवर मुंबईचे व्यापारी गबर होत होते, १८६५च्या घसरणीपर्यंत. इथे गिरण्यांना कापूस मिळेना. १८६३मध्ये स्प्रेग सिनेटर झाला आणि त्याच वर्षी अर्थमंत्री चेस यांचा जावई. शत्रूच्या मुलखातून कापूस आणायचे परवाने सासऱ्यांच्या खात्याकडे! टेक्सासच्या कापसाच्या एका बेकायदा व्यवहारात त्याचं नाव आलं, पण पुढे काही सिद्ध झालं नाही.

१८७३च्या मंदीत सगळं कोसळलं. कागदावर मालमत्ता १९ दशलक्ष डॉलर, देणी ११ दशलक्ष, आणि रोकड नाही. कारभार विश्वस्ताकडे गेला, १८७५मध्ये सिनेटची मुदत संपली आणि पुन्हा तो कधी गव्हर्नर किंवा सिनेटर झाला नाही. १९१५ साली पॅरिसमध्ये वारला.

इथे मात्र काकांचा चेअरमन वेगळा निघतो. आमच्याकडे कारखान्याच्या शेतकरी सभासदाला मत आहे, पण ऊसतोडीची टोळी कोणाच्या फडात आधी येणार हे चेअरमनच्या हातात. आणि कारखाना आजारी पडला तरी चेअरमन ठणठणीत, कारण कर्जाला सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरणार. स्प्रेगला ही सोय नव्हती.

म्हणून यंदा ग्रुपवर मी काकांना एवढंच विचारणार आहे: चेअरमनसाहेबांच्या कारखान्याला थकहमी मंजूर झाली, तेव्हा साहेब टेबलाच्या कोणत्या बाजूला बसले होते?