सॅम नन म्हणे आर्मीविरोधी!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. "अमेरिकेचा रिटायर सिनेटर सॅम नन डिफेन्सचा एक्स्पर्ट म्हणून मिरवला, पण गल्फ वॉरला विरोध केला, रशियाला फुकट पैसे वाटले आणि युक्रेनची अण्वस्त्रं काढून घेतली." वाचून हसावं की रडावं कळेना. अहो हा माणूस 1987 ते 1995 सिनेटच्या आर्म्ड सर्व्हिसेस कमिटीचा (सैन्यदलांचा कारभार बघणारी समिती) चेअरमन होता, जॉर्जियाचा डेमोक्रॅट, आणि स्वतःच्या पक्षातले लोकच त्याला जरा जास्तच कडक समजायचे.

गल्फ वॉरचं, म्हणजे कुवेत बळकावणाऱ्या इराकविरुद्धच्या युद्धाचं बघू. 12 जानेवारी 1991 ला त्याने विरोधात मत दिलं हे खरंय, युद्धाला परवानगी देणारा ठराव 52-47 ने पास झाला. पण त्याआधी नोव्हेंबरमधे त्याच्याच कमिटीपुढे ॲडमिरल क्रो आणि जनरल जोन्स, दोघंही जॉइंट चीफ्सचे (सैन्यदलांच्या प्रमुखांच्या समितीचे) माजी चेअरमन, येऊन सांगून गेले होते की इराकवरच्या निर्बंधांना अजून थोडा वेळ द्या, आणि ननही तेच म्हणत होता, युद्ध नकोच असं नाही, आत्ता नको. अंदाज चुकला का? चुकला, जमिनीवरची लढाई 100 तासांत आटोपली. पण गंमत अशी की ते युद्ध आर्मी, नेव्ही, एअरफोर्स सगळे एकट्या जनरल श्वार्झकॉफच्या हुकमाखाली लढले ना, ती घडी बसवली 1986 च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने, आणि तो कायदा सिनेटमधे गोल्डवॉटरच्या जोडीने रेटला याच ननने. आधी प्रत्येक दलाची वेगळी चूल होती, 1980 ला इराणमधले ओलीस सोडवायला गेले आणि वाळवंटातच 8 जण गमावून परत आले, तरी कुणाला घाई नव्हती.

फुकट पैसे? सोव्हिएत युनियन कोसळत होतं आणि हजारो अण्वस्त्रांना उद्या वाली कोण, हा प्रश्न होता. नन आणि रिपब्लिकन सिनेटर ल्यूगर यांनी मिळून पेंटागॉनच्याच बजेटमधून 40 कोटी डॉलर काढले, सिनेटमधे 86-8 ने पास. रोख पाकिटं वाटली नाहीत हो कुणाला, क्षेपणास्त्रं कापायला, पाणबुड्या तोडायला पैसा गेला, त्यातला बराच अमेरिकन कंत्राटदारांनाच. 1994 ला कझाकस्तानातून साधारण 600 किलो बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम विमानात भरून अमेरिकेत आणि पुढे टेनेसीला आणलं, हेही त्याच कामातलं.

आणि युक्रेन. साधारण 1900 स्ट्रॅटेजिक (लांब पल्ल्याची) अण्वस्त्रं तिथे होती, पण डागायचा कंट्रोल मॉस्कोकडे. अण्वस्त्रं सोडायची आणि बदल्यात सुरक्षेची हमी, हा बुडापेस्टचा करार 1994 चा, सह्या क्लिंटन सरकारच्या, ब्रिटनच्या, रशियाच्या आणि खुद्द युक्रेनच्या, सिनेटमधे त्यावर मतदानच झालं नाही. ननच्या योजनेने फक्त शस्त्रं नष्ट करायचा खर्च उचलला. सुरक्षेची हमी पोकळ निघाली याचा राग अगदी रास्त आहे, फक्त पत्ता चुकलाय. 1996 च्या जूनमधे युक्रेनमधल्या पेर्वोमाइस्कला जिथे क्षेपणास्त्रं होती तिथे अमेरिका, रशिया, युक्रेन अशा तीन देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी सूर्यफुलं लावली, त्यातला एक मंत्री रशियाचा होता. आज ते आठवलं की कसंतरीच होतं.

शिव्याच घालायच्या असतील ना तर 1993 घ्या. समलिंगी सैनिकांना उघडपणे नोकरी करता येऊ नये म्हणून हा गडी नॉरफोकला पाणबुडीत शिरला आणि बंक किती चिकटून आहेत ते कॅमेऱ्यांना दाखवत बसला. ते मला अजिबात पटत नाही, पण मेसेजमधे त्याबद्दल एक अक्षर नाही.