खुलासा: हिजरत 1 मुहर्रमला झाली नाही, आणि पैगंबर एकटे नव्हते

इस्लामी नववर्ष आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: '1 मुहर्रमला पैगंबर एकटेच मक्का सोडून मदिनेला गेले, म्हणून हिजरी सन त्या दिवशी सुरू होतो.' तारीख चुकीची आहे. मुहंमद पैगंबर मदिनेच्या वेशीवर पोचले ते इ.स. 622 मध्ये, रबीउल अव्वल महिन्यात. सनाची मोजणी नंतर खलिफा उमर यांच्या काळात ठरली. हिजरतीचं, म्हणजे मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतराचं, वर्ष पहिलं धरलं, वर्षारंभ मात्र रिवाजाप्रमाणे मुहर्रमच राहिला.

'एकटेच' हे मला जास्त खटकतं, कारण त्यात कितीतरी माणसं पुसली जातात. सीरत ग्रंथांत, म्हणजे पैगंबरांच्या चरित्रांत, त्यांची नावं आहेत. सोबत पैगंबरांचे सहकारी अबू बकर होते. पैगंबर घरीच आहेत असं वाटावं म्हणून त्यांचे चुलतभाऊ अली मक्केत त्यांच्या अंथरुणावर झोपले आणि लोकांच्या ठेवी परत करूनच निघाले. पैगंबर आणि अबू बकर मक्केजवळच्या सौर गुहेत तीन रात्री दडून होते, तेव्हा अबू बकर यांचा मुलगा अब्दुल्ला दिवसभर मक्केत कानोसा घेऊन रात्री बातमी आणायचा. अबू बकर यांनी गुलामीतून मुक्त केलेले आमिर बिन फुहैरा त्याच वाटेने शेळ्यामेंढ्या हाकायचे. दूधही मिळे, पाऊलखुणाही मिटत. शिदोरी बांधायला काही सापडेना, तेव्हा अबू बकर यांची मुलगी अस्मा यांनी कमरेचा पट्टा फाडला. वाटाड्या अब्दुल्ला बिन उरैकित तर मुस्लिमही नव्हता. मक्केतल्या कुरेश टोळीने पैगंबरांना पकडण्यासाठी 100 उंटांचं बक्षीस लावलं होतं, तरी त्याने दगा दिला नाही.

आणि ही पहिली हिजरतही नव्हे. 615 च्या सुमारास काही मुस्लिम समुद्र ओलांडून हबशाला (आजच्या इथिओपियाच्या भागात) गेले होते. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांना कुरेशांच्या दूतांच्या हवाली करायला साफ नकार दिला.