‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय?’ या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. म्हणे, खाण्याची ॲलर्जी हे हल्लीचं फॅड आहे, पूर्वी असलं काही नव्हतं. रोज थोडं थोडं खाल्लं की सवय होते. बाहेर जेवताना नको ते बाजूला काढायचं. आणि झालाच त्रास तर एक गोळी पुरते. हे वाचून कुणीतरी कुणाच्या तरी ताटात न सांगता चमचाभर काहीतरी घालेल, याची मला खरीखुरी भीती वाटते. म्हणून एकेक दावा घेते.

‘पूर्वी नव्हतं.’ होतं. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरांच्या रक्तातलं सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशांचा अर्क टोचला. प्राउस्निट्झना स्वतःला मासे बाधत नव्हते, तरी नेमकी तेवढ्याच जागी गांध उठली. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. मनाचे खेळ असे दुसऱ्याच्या कातडीवर उठत नाहीत.

‘सवय होते.’ सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती न पचणाऱ्याच्या आतड्यात तिला पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी असतं. दूध जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात, पण कपभर दूध अनेकांना चालतं. ॲलर्जीत मात्र रोगप्रतिकारशक्तीच त्या प्रथिनावर तुटून पडते, आणि काहींना अगदी कणभरही पुरतं. सीलिॲक आजार आणखी वेगळा: गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने वरवर काही जाणवलं नाही तरी आतडं आतून खराब होत राहतं.

‘लहानपणी शेंगदाणे दिले की ॲलर्जी होत नाही’ याचाही दाखला दिला जातो. २०१५ चा ‘लीप’ नावाचा अभ्यास खरा आहे, पण तो ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवरचा, ॲलर्जी होऊच नये म्हणून केलेला. चाचणीत आधीच ठळक प्रतिक्रिया दिसलेली बाळं त्यात घेतलीच नव्हती. झालेल्या ॲलर्जीवर थोडं थोडं खाऊ घालण्याचे उपचार आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजून. नातेवाइकांच्या अंदाजाने नाही!

‘बाजूला काढा.’ वरचे अक्रोड उचलून तीच प्लेट परत आली, तर अक्रोडाचा चुरा तिथेच असतो. कोळंबी तळलेल्या तेलात बटाटा तळला, की तो बटाटा कोळंबीची ॲलर्जी असलेल्याचा राहिला नाही. उलथणं, सुरी, चिरायचा पाट, हातमोजे, सगळ्यांचं तेच. त्यामुळे ‘यात शेंगदाणे आहेत का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘याच तेलात आणखी काय तळता? वाटण कशाचं आहे? माझ्यासाठी धुतलेला तवा घ्याल का?’ असं विचारावं लागतं, आणि वेटर ‘नसेल बहुतेक’ म्हणाला तर स्वयंपाक करणाऱ्याला गाठावं लागतं. याला नखरे म्हणू नका. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर न खाता उठणं हाच शहाणपणा.

‘गोळी पुरते.’ अँटीहिस्टामिनने, म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने, खाज आणि अंगावर उठलेलं पित्त कमी होतं. घसा सुजणं, श्वास अडकणं, रक्तदाब कोसळणं त्याने थांबत नाही. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. ‘मागच्या वेळी नुसतं पुरळ आलं होतं’ म्हणून वाट पाहू नका. मागची प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून पुढची तशीच असेल, असं काही नसतं. इंजेक्शन दिल्यावर रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवा, पण उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात थांबायला लावा, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.