मशीन बंद पडलं ती चूक आमची, पण डेटा सुरक्षित आहे

नमस्कार साहेब. 'कॉम्प्युटरला एसएसडी (नवी वेगवान डिस्क) टाकायला दिलं, वर्कशॉपला नेल्यावर मशीन सुरूच होईना, काळ्या पडद्यावर रूट पासवर्ड मागतंय, डेटा उडवला, फोनही उचलत नाहीत,' असं तुम्ही लिहिलंय. उद्यमनगरात तुमची बिलं दोन दिवस थांबली, पोरांना हातानं चलनं फाडावी लागली. मनापासून माफी मागतो.

काय झालं ते सांगतो. तुमच्या डेबियनमध्ये (ही लिनक्सवर चालणारी सिस्टिम) होम, म्हणजे तुमच्या फाईलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर आहे. एसएसडीवर नवी पार्टिशनं करून त्यात सगळं उतरवलं की प्रत्येक पार्टिशनला नवा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक मिळतो आणि तो एफएसटॅब फाईलमध्ये लिहावा लागतो; सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची याची ती यादी. आम्ही रूटची, म्हणजे मूळ सिस्टिमच्या पार्टिशनची ओळ बदलली, होमची जुनीच राहिली. राजारामपुरीत दुकानात तपासताना जुनी डिस्क जोडलेली होती, त्यामुळे मशीन नीट चाललं. होम जुन्याच डिस्कवरून उघडत होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग डिस्क काढली आणि पुन्हा रीस्टार्ट न करताच मशीन तुमच्या हाती दिलं. खरी चूक ही. तुमच्याकडे सिस्टिमडीनं (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहिली, ती सापडली नाही म्हणून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं सुरू होऊन थांबलं. रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा पासवर्ड तिथूनच मागितला जातो. काल येऊन ती एक ओळ बदलली, दहा मिनिटांत मशीन चालू झालं. फाईली जागच्या जागी होत्या, ते तुम्हीही पाहिलंत.

'उगाच वेगळी पार्टिशनं करून ठेवली' हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. सिस्टिम नव्यानं टाकायची वेळ आली तर बिलांना हात लावावा लागत नाही, हा फायदा मोठा आहे. होमच्या ओळीला 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा, अशी सूचना) लावलं असतं तर मशीन अडलं नसतं, हे खरं. पण मग होम न जोडताच सुरू झालं असतं, बिलं रिकाम्या फोल्डरमध्ये पडली असती आणि घोळ आठवड्यानं कळला असता. त्यापेक्षा अडलेलं बरं. बॅकअपच्या डिस्कला मात्र काल 'नोफेल' लावून दिलंय.

फोन न उचलण्याला सबब नाही. मजुरीचे पैसे परत करतोय. जुनी डिस्क न पुसता दुकानात ठेवली आहे. महिन्याचा ताळा जमला की घेऊन जा.